शेती तर घरीच आहे, मग शाळेत कशाला? : अकरावी-बारावीचे कृषी विषय समजून घेताना



दहावीचा निकाल लागला की आमच्या वळसंगसारख्या गावात एकच चर्चा असते, आता पुढं काय? सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, आयटीआय ही नावं पटापट येतात. 'कृषी' हे नाव सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही मार्क कमी पडले तर! मी प्राथमिक शाळेत शिकवते, तरी जुने पालक विचारायला येतात. त्यांना शेतीच्या विषयांबद्दल सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "बाई, शेतीच शिकायची तर शाळेत कशाला? ती घरातच हाय की!"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जन्मभर रानात राबलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे आणि त्यात तथ्य आहे. पोरगं घरी कुळव धरायला शिकतं, धार काढायला शिकतं. मग दोन वर्षं शाळेत बसून ते जास्तीचं काय शिकणार? याचं नीट उत्तर आपल्याला देता आलं पाहिजे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

प्रश्न जुना आहे

शेती शाळेत शिकवावी की नाही, ही चर्चा आजची नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मुलांना मोडी-बाळबोध वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मिळावं, अशी त्यांची मागणी होती. नुसते पुस्तकातले धडे पुरणार नाहीत, प्रत्यक्ष काम शिकवणारी लहान नमुना शेतं असावीत, असाही विचार त्यांनी मांडला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. म्हणजे शेतकऱ्याची दैना आणि शेतकऱ्याच्या मुलाची शाळा या दोन गोष्टी त्यांनी एकत्रच पाहिल्या होत्या.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली, त्यातही शेती हा शिक्षणाचा एक पाया होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि व्यवसाय शिक्षणावर भर दिला. त्यानंतर आपल्या राज्यात १०+२+३ हा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी हा स्वतंत्र टप्पा तयार झाला. याच टप्प्यावर शेतीचे विषय निवडीसाठी उपलब्ध आहेत.

आज कोणते मार्ग आहेत?

पालकांचा इथे फार गोंधळ होतो, म्हणून वेगवेगळे करून सांगते.

१) द्विलक्षी विषय : विज्ञान किंवा अन्य शाखेत राहूनच एक व्यवसाय विषय घेता येतो. त्याचे १००-१०० गुणांचे दोन पेपर, म्हणजे एकूण २०० गुण असतात. त्यासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. कृषी गटात पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय असे विषय येतात.

२) उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रम : पूर्वी याला सगळे 'एमसीव्हीसी' म्हणत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा अभ्यासक्रम सुरू झाला. यात दोन्ही वर्षं मुख्य भर व्यवसायावरच असतो. उद्यानविद्या, पीकशास्त्र, पशुसंवर्धन-दुग्धव्यवसाय असे अभ्यासक्रम यात आहेत.

३) दहावीनंतरची कृषी पदविका : ही अकरावी-बारावी नाही. कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतील विद्यालयांत ती चालते. आपला सोलापूर जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो.

४) कृषी पदवी : बी.एस्सी. ॲग्रीसाठी मात्र बारावी विज्ञान आणि सीईटी लागते. ज्या मुलाच्या मनात पदवी आहे त्याने अकरावीला कोणता विषय सोडतोय, याचा आधीच विचार करावा.

सगळ्या महाविद्यालयांत सगळे विषय नसतात आणि प्रवेशाचे नियमही बदलतात. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका हातात घेऊनच निर्णय घ्यावा.

घरी होतं ते काम, शाळेत व्हायला हवं ते मोजमाप

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरी मूल शेतीचं *काम* शिकतं. शाळेने त्याला मोजायला, नोंद ठेवायला, तुलना करायला आणि त्यावरून निर्णय घ्यायला शिकवलं पाहिजे. आपल्या भागातल्या चार उदाहरणांवरून बघू.

*पहिलं उदाहरण – रब्बी ज्वारी.* आपला जिल्हा रब्बीचा. पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ज्वारी येते. प्रसिद्ध मालदांडी ३५-१ हा वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवड पद्धतीने तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढा वारसा असलेल्या गावातला मुलगा ज्वारी पेरताना काय मोजू शकतो?

एकरी चार किलो बियाणं, ही शिफारस आहे. पण उगवण किती? शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब आलेले मोजायचे. ८० उगवले, तर चार किलोऐवजी पाच किलो लागणार (४ × १०० ÷ ८०). दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत १५ सेंमी अंतर ठेवलं तर एका गुंठ्यात सुमारे दीड हजार ताटं बसतात, एकरात साठ हजार. पीक वर आल्यावर प्रत्यक्ष मोजली आणि एकरी चाळीस हजारच भरली, तर वीस हजार ताटांची जागा रिकामी राहिली. उत्पन्न कमी का आलं, याचं एक उत्तर तिथंच सापडतं. हे करायला यंत्र लागत नाही. मोजपट्टी आणि वही पुरते.

*दुसरं उदाहरण – डाळिंब.* सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबाला तीन बहार धरता येतात : मृग, हस्त आणि आंबे बहार. कोणता धरायचा? पाणी कधी आहे, बाजारभाव कधी आहे आणि रोग कधी वाढतो, या तिन्हींचा मेळ घालायचा असतो. तेल्या रोग पावसाळी दमट हवेत जास्त पसरतो. म्हणून तेल्याग्रस्त भागात हस्त बहाराचा सल्ला देतात. उद्यानविद्येच्या तासाला हा निर्णय मुलांनी कागदावर मांडून, वाद घालून घेतला पाहिजे.

बोर्डो मिश्रणाचंही तसंच. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे पाठ करणं सोपं आहे. पण ते प्लास्टिकच्या भांड्यातच का करायचं? तयार झाल्यावर लोखंडी पातं बुडवून का बघायचं? पात्यावर तांबूस थर आला तर मोरचुदातलं तांबं अजून मोकळं आहे, चुना आणखी हवा. असं मिश्रण तसंच फवारलं तर पानं करपतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात 'विस्थापन अभिक्रिया' म्हणून जे शिकवतात, ते हेच.

*तिसरं उदाहरण – दूध.* संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून ठरतो. किती घरांत हे आकडे पावतीवर वाचून समजतात? पशुविज्ञान शिकलेल्या मुलीला ते समजले पाहिजेत. फॅट का उतरली, चारा बदलला म्हणून की अर्धवट धार काढली म्हणून, हे तिला शोधता आलं पाहिजे. गाय साधारण २८० दिवसांनी आणि म्हैस सुमारे ३१० दिवसांनी वितेल, हे धरून तिने गाभण जनावराची तारीख वहीत मांडली पाहिजे. पंढरपुरी म्हैस आणि खिलार ही आपल्या भागाची जनावरं. त्यांचे गुणदोष संकरित गाईशी ताडून बघता आले पाहिजेत.

*चौथं उदाहरण – माती.* माती परीक्षणासाठी नमुना घ्यायचा तर बांधावरची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती चालत नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, वीतभर खोलीपर्यंतची माती गोळा करायची, मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे आणि असं करत अर्धा किलो ठेवायची. नमुनाच चुकला तर प्रयोगशाळेचा अहवाल चुकतो, आणि त्यावर टाकलेलं खतही. 'नमुना' म्हणजे काय, हे संख्याशास्त्रातलं तत्त्व शेतकऱ्याचं मूल असं हाताने शिकतं.

या चारही उदाहरणांत गणित आहे, विज्ञान आहे, भाषाही आहे. कारण नोंद लिहायला भाषाच लागते. म्हणून "कृषी विषय हुशार मुलांसाठी नाही" हे म्हणणं मला पटत नाही.

'प्रकल्प' आला कुठून?

आपण सगळे शिक्षक दरवर्षी मुलांकडून प्रकल्प करून घेतो. या पद्धतीची एक जुनी मुळी शेतीच्या शाळेत आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थॅम्प्टन येथे स्मिथ कृषी विद्यालय आहे. रूफस स्टिमसन हे १९०८ मध्ये तिथले प्रमुख झाले. शाळेच्या शेतावर सगळ्यांनी मिळून काम करण्यापेक्षा प्रत्येक मुलाने *स्वतःच्या घरच्या* रानात एक छोटं काम अंगावर घ्यावं, असं त्यांनी ठरवलं. वर्गात त्याचा अभ्यास करायचा, घरी ते करायचं, हिशेब ठेवायचा आणि शिक्षकाने घरी येऊन बघायचं. याला त्यांनी 'घरचा प्रकल्प' म्हटलं. १९१७ मध्ये तिथल्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या कृषी वर्गांना वर्षातून किमान सहा महिने असं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम सक्तीचं केलं.

आपल्याकडेही असं काम झालेलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तयार झाला. त्यात शेती-पशुपालनाबरोबर अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य असे भाग आहेत. मुलं शिकलेल्या कामातून गावाला सेवा देतात. काम खरं असतं, म्हणून चूक झाली तर कळते आणि सुधारावी लागते.

निरीक्षणाची सवय माणसाला कुठवर नेते, याचं उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे हे द्राक्ष बागायतदार. थॉमसन सीडलेसमधून वेगळ्या, लांब मण्यांची द्राक्षं त्यांनी हेरली, जपली आणि वाढवली. त्यातून 'सोनाका' हा वाण मिळाला. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची अक्षरं त्या नावात आहेत. बागेत हजारो घड असतात, त्यातला वेगळा घड ओळखायला आधी नेहमीचा घड बारकाईने बघितलेला असावा लागतो. हे बघणं शिकवता येतं.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचं काय?

गावातली कितीतरी मुलं भूमिहीन कुटुंबातली आहेत. 'कृषी विषय म्हणजे सातबारावाल्यांसाठी' असं झालं तर ती आपोआप बाहेर पडतात. पण रोपवाटिकेला दोन-तीन गुंठे पुरतात. उस्मानाबादी शेळ्या दारात पाळता येतात, शेळी साधारण पाच महिन्यांत विते. परसातल्या कोंबड्या, गांडूळखत, ठिबक संच दुरुस्ती, दूध तपासणी या कामांना स्वतःचं शेत लागत नाही. चांगला शिक्षक अशा मुलांना प्रकल्पासाठी शाळेची जागा देतो.

मुलींचंही तेच. खुरपणी, वेचणी, धार, बियाणं निवडून राखेत ठेवणं ही कामं घराघरांत बायकाच करतात. पण कृषी विषय सुचवताना आपण मुलाला विचारतो, मुलीला नाही. जिच्या हातात रोजचं काम आहे, तिच्या हातात हिशेबाची वही आणि निर्णयही आला, तर घराला फायदाच होईल. शिक्षकांनी हे पालकांना स्पष्टपणे सांगावं.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

घरी जे आहे तेच शाळेत वहीवर उतरवून घेत असतील, तर पालकांचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. म्हणून महाविद्यालयात जाऊन हे विचारा :

१. प्रात्यक्षिकासाठी जमीन, गोठा किंवा रोपवाटिका आहे का? ती बघता येईल का?
२. आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि ते खरंच होतात का? (हे मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा.)
३. विषय शिकवणारे शिक्षक कृषी शाखेचे आहेत का?
४. प्रत्येक मुलाचा स्वतःचा प्रकल्प असतो का? जुन्या नोंदवह्या दाखवाल का? सगळ्या वह्यांत एकसारखे आकडे असतील तर समजून घ्या.
५. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र, सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र, केगावचं डाळिंब केंद्र, एखादं दूध संकलन केंद्र, अशा ठिकाणी मुलांना नेतात का?
६. हा विषय घेतल्यावर पुढे कोणते दरवाजे उघडे राहतात आणि कोणते बंद होतात? हे लेखी माहितीपुस्तिकेत दाखवा.

सहापैकी चार उत्तरं समाधानकारक मिळाली तर विषयाचा जरूर विचार करा. नाही मिळाली तर दुसरं महाविद्यालय बघा.

प्राथमिक शाळेत आपण काय करू शकतो?

अकरावीला अचानक आवड तयार होत नाही. पाया आपल्याच वर्गात घातला जातो. मी वेगवेगळ्या इयत्तांत घेते ते काही उपक्रम देते :

* पहिली-दुसरी : बियांचा संग्रह. प्रत्येक बी चिकटवून नाव लिहायचं. आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. त्यामुळे 'ज्वारी – जोळ', 'तूर – तोगरी' अशी दोन्ही नावं फळ्यावर येतात. घरची भाषा वर्गात आली की लाजरी मुलंही बोलू लागतात.
* तिसरी-चौथी : उगवण चाचणी. प्रत्येक गटाला घरून आणलेले शंभर दाणे. यातूनच शेकडेवारीची पहिली ओळख होते.
* पाचवी : पर्जन्यमापक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग दहा मिलिमीटर पावसात एका एकरावर किती पडलं? सुमारे चाळीस हजार लिटर! हा आकडा काढल्यावर मुलं टँकरशी तुलना करू लागतात. पाणी अडवण्याचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.
* सहावी-सातवी : एका पिकाची खर्च-उत्पन्न वही. नांगरणी, बियाणं, खत, मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाई सगळं लिहायचं. *घरच्या माणसांची मजुरीही धरायची.* ही एक ओळ लिहायला लागली की मुलं पहिल्यांदा आईच्या कामाची किंमत मांडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविना दिवस सांगितले आहेत. हा उपक्रम त्यात सहज बसतो.

एक काळजी मात्र घ्यायची. शेती हा शिक्षा म्हणून वापरायचा विषय नाही. "अभ्यास केला नाहीस तर बापासारखं रानात राबावं लागेल" हे वाक्य आपण शिक्षक आणि पालक अगदी सहज बोलून जातो. त्या एका वाक्याने मुलाच्या मनात बापही लहान होतो आणि शेतीही. अशा मुलाने पुढे अकरावीला कृषी विषय आनंदाने निवडावा, ही अपेक्षा कशी करायची?

सगळ्यांनी शेतीच करावी, असं माझं म्हणणं नाही. कोणी डॉक्टर होईल, कोणी पोलीस, कोणी सोलापूरला दुकान टाकेल. पण जो शेतीकडे जाईल त्याने ती ठरवून निवडलेली असावी आणि हातात मोजमाप घेऊन करावी.

यंदा रब्बीची पेरणी सुरू होण्याआधी एवढं करून बघा. पेरायचं बियाणं घेऊन मुलाला शंभर दाणे मोजायला सांगा, ओल्या फडक्यात ठेवू द्या. कोंब किती आले ते त्यालाच मोजू द्या आणि एकरी बियाणं किती लागेल, ते त्याच्याच वहीत काढू द्या. आणि त्या वर्षी पेरताना त्याचा आकडा खरोखर वापरा.